वैशालीनं न विचारलेला प्रश्न

"आगं ए पोरी, बसली कावून? इचार की आजून! आत्ता तर कुटं घावलंय त्ये, आन् तू..."

बापूंचं पुढचं वाक्य माझ्या तळहातात गेलं. मी दोन्ही हातांनी त्यांचं तोंड दाबलं होतं.

पाटोद्याच्या दिवाणी न्यायालयात, भर साक्षीत, मागच्या बाकावरून शिवराम बापू ओरडले तेव्हा छताचा पंखा दचकून थांबला. पंखा वीज गेल्यामुळे थांबला असं आमच्या वकिलांच्या बारमधले काही लोक अजून सांगतात. मी खोलीत होतो. पंखा बापूंच्या आवाजानं थांबला. डोंगरावर मेंढरं राखणाऱ्या माणसाचा आवाज एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर पोचायला घडलेला असतो. त्याला आमच्या खुराड्याएवढ्या कोर्टात सोडल्यावर दुसरं काय होणार?

न्यायाधीश मॅडमनी चष्मा काढला. मॅडम चष्मा काढतात तेव्हा भले भले वकील मनातल्या मनात कुलदैवत आठवतात. "कोण आहेत ते? बाहेर न्या त्यांना."

पट्टेवाला हलायच्या आत मी बापूंना फरफटत व्हरांड्यात आणलं. बापू आमचेच पक्षकार. त्यांनी माझ्या तळहाताला कडकडून चावा घेतला, त्याची खूण मी दाखवू शकतो. आत आमच्या विरुद्ध बाजूचे आप्पा वकील खुर्चीत रेलून हसत होते. त्यांना वाटलं, आमची ज्युनिअर पोरगी प्रश्न संपले म्हणून खाली बसली आणि पक्षकारच तिच्यावर तापला. आता या दाव्यात काय राहिलं!

आप्पांना तसं वाटणं आम्हाला फार गरजेचं होतं. पण ते कळायला थोडं मागं जावं लागेल.

दरवर्षी कायद्याची दोन-चार पोरंपोरी माझ्याकडं येतात. "सर, वकील व्हायचंय. काय वाचू?" मी म्हणतो, वाचायचं ते वाचालच, आधी कबड्डी बघा. ती हसतात. त्यांना वाटतं म्हातारा चहाच्या तंद्रीत आहे. मग मी त्यांना वैशालीची ही हकिकत सांगतो. गेली काही वर्षं सांगतोय. सांगता सांगता ती थोडी वाढली असेल. वाढली तर वाढली, चांगल्या बाजूनंच वाढली आहे.

वैशाली माझ्याकडं ज्युनिअर म्हणून आली तेव्हा तिचा एक गुडघा पट्ट्यात होता. आईबाप दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे. पोरगी वसतिगृहात राहून शिकली, कबड्डी खेळून वाढली, चढाईला जिल्ह्यात तिच्या तोडीची दुसरी नव्हती. गुडघा गेल्यावर मोठं खेळणं सुटलं, मग अंबाजोगाईला राहून कायदा शिकली. सकाळी तालुक्याच्या मैदानावर पोरींना कबड्डी शिकवायची, तिथूनच धुळीच्या पायांनी कोर्टात यायची आणि नळावर पाय धुऊन वर कोट चढवायची.

मी पहिल्या दिवशी विचारलं, "कायदा किती येतो?"

"थोडा."

"आणि कबड्डी?"

"लई."

मला उत्तर आवडलं. आमच्याकडं येणाऱ्या पोरांचं नेमकं उलटं असतं. दोन्ही लई येतं म्हणतात आणि दोन्ही थोडं येतं.

बाहेरच्यांना आमचा धंदा सिनेमातला वाटतो. तालुक्याच्या कोर्टात वकिलाचा निम्मा जन्म बाकावर बसण्यात जातो. आपला पुकारा होईपर्यंत बसायचं. पुकारा झाला की साक्षीदार आजारी असतो. साक्षीदार बरा झाला की समोरच्या वकिलाच्या घरी लग्न असतं. नवीन पोरं या बसण्यानंच खचतात, मोबाईल घासत बसतात आणि खरोखर पुकारा होतो तेव्हा फाईल कुठली हेच आठवत नाही. वैशाली बसायची ती टाचा किंचित उचलून. मी म्हणालो, "अगं, निवांत बस." ती म्हणाली, "सर, बाद झालेला खेळाडू रेषेबाहेर बसतो ना, त्याला निवांत बसता येत नाही. आपल्यातल्या कुणी गडी मारला की लगेच आत पळायचं असतं."

पुकारा झाला की आमच्यातले वकील धोतर सावरल्यासारखे कोट सावरत, कागद सांडत पुढं जायचे. ही पोरगी आधीच पोचलेली असायची.

पहिला दावा ती हरली. बांधावरच्या एका बाभळीचा दावा होता. बाभूळ कुणाची हे ठरेपर्यंत ती वाळून गेली होती, पण भांडण हिरवंगार होतं. निकाल विरुद्ध गेला आणि आमचा पक्षकार, नवनाथ नावाचा गडी, कोर्टाच्या व्हरांड्यात असा नाचला की खालच्या टपरीतल्या चहाला लाटा आल्या. "पोरीबाळीला उभं केलं! माझी बाभळ घालवली!" मी वैशालीला म्हणालो, "दोन दिवस घरी बस. मन लागणार नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी ती निकालाची नक्कल घेऊन माझ्या टेबलासमोर. म्हणाली, "सर, पान तिसरं बघा. इथं मी पकडले गेले. मॅडमनी विचारलं तेव्हा मी बाभळीचं वय अंदाजानं सांगितलं. अंदाज सांगायला नको होता."

नवनाथला शिव्या नाहीत, मॅडमना नावं नाहीत, नशिबाला दोष नाही. जिथं पाय घसरला ती जागा बोटानं दाखवली आणि फाईल बांधून ठेवली. आमच्या बारमध्ये असे ज्येष्ठ आहेत की तरुणपणी हरलेल्या दाव्याबद्दल अजून न्यायाधीशाच्या सासुरवाडीपर्यंत जातात.

पंचाचंही तसंच. मी स्वतः न्यायाधीशांशी भांडण्यात नावाजलेला माणूस. एकदा एका मुद्द्यावर मी इतका वेळ वाद घातला की साहेबांची बदली झाली, नवीन साहेब आले, तरी माझं वाक्य चालूच होतं. वैशालीला मॅडम म्हणाल्या, "हा प्रश्न विचारता येणार नाही," की ती म्हणायची, "बरं मॅडम." बस्स. मला राग यायचा. "अगं, नेट धर की!" ती म्हणायची, "सर, पंचाची शिट्टी झाली की झाली. तिथं दम घालवला तर पुढच्या चढाईला काय उरतं?" आणि पुढच्या चढाईला ती त्याच कोपऱ्यात दुसऱ्या बाजूनं शिरायची. विचारता येणार नाही म्हटलेलं उत्तर अर्ध्या तासात, वेगळ्या प्रश्नाच्या पदराला बांधून, कागदावर आलेलं असायचं.

तर शिवराम बापूंचा दावा.

आमचा तालुका बालाघाटावरचा. वर माळ, मध्ये उतारावर शेतं, खाली तलाव. बापूंची वस्ती माळावर. माळावर गवत आहे, पाणी नाही. पाणी खाली तलावात. माळावरून तलावाकडं मेंढरं न्यायची वाट विलासराव नावाच्या बागायतदाराच्या शेताच्या कडेनं जायची. बापूंचे आजे तिथून मेंढरं न्यायचे, बाप न्यायचा, बापू न्यायचे. विलासरावांनी एक दिवस यंत्र आणून शेताच्या तोंडाशी खोल चर खोदला आणि चराच्या पलीकडं बाभळीच्या काट्या टाकल्या. म्हणाले, इथून कधी वाट नव्हतीच.

उरला रस्ता म्हणजे घाटानं खाली सडकेला लागायचं, ट्रकांच्या रांगेतून गावाला वळसा घालायचा आणि मागच्या बाजूनं तलावाचा पलीकडचा काठ गाठायचा. माणसाला तेही जमतं. उन्हाळ्यात कोकरांना जमत नाही. बापूंच्या मुलानं आणि सुनेनं ठरवलं होतं, वाट मिळाली नाही तर मेंढरं विकायची आणि मुकादमाला हो म्हणून दोघांनी ऊसतोडीला जायचं. नातवंडं बरोबर. म्हणजे शाळाही गेली. बापू माझ्यासमोर हे सांगताना एकदाही रडले नाहीत. फक्त म्हणाले, "मेंढरं इकली की म्या काय करू, वकीलसायेब? माझं दुसरं कायच न्हाई शिकल्यालं."

दावा लावला. वहिवाटीची वाट आहे, ती खुली करावी आणि पुन्हा अडवू नये असा हुकूम मागितला. कोर्टानं कमिशनर पाठवला, त्यानं जागेवर जाऊन नकाशा काढून दिला. मी नकाशा बघून समाधान पावलो. वैशाली म्हणाली, "सर, मी जाऊन येते."

"कुठं?"

"जागेवर."

"अगं, कमिशनर गेलाय, नकाशा आलाय. वकिलानं मेंढरांमागं हिंडायचं नसतं."

"सामन्याआधी आम्ही मैदान चालून बघतो, सर. कुठं भुसभुशीत, कुठं खडा, हे कागदावर कळत नाही."

रविवारी गेली आणि बापूंबरोबर दिवसभर मेंढरांमागं हिंडली. सोमवारी आली ती नाकाच्या शेंड्यापर्यंत लाल झालेली, कोटाला मेंढरांचा वास. आमच्या शिरस्तेदारांनी खिडकी उघडली. म्हणाली, "सर, तलावाकाठी भानुदास तात्यांचं शेत आहे. उन्हाळ्यात बापूंची मेंढरं तिथं बसतात."

हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. रान मोकळं झालं की शेतकरी धनगराला सांगतो, तुझी मेंढरं काही दिवस रात्री माझ्या शेतात बसव. मेंढरं बसतात, लेंड्या-मूत जमिनीत मुरतं, रान तयार होतं. बदल्यात धनगराला धान्य मिळतं. आमच्याकडं ही जुनी रीत आहे. सोयरिकीपेक्षा जास्त जपतात. चांगलं मेंढरू बसलेल्या रानातली बाजरी बघून मालक मिशीला पीळ भरतो, आणि मिशी नसली तर ठेवतो.

मी म्हणालो, "बसतात तर बसू देत. आपल्या वाटेचं काय?"

ती कमिशनरचा नकाशा उलगडून तात्यांच्या शेताभोवती बोट फिरवत बसली.

पुढं कळलं की विलासरावांनी साक्षीला नेमकं ह्याच भानुदास तात्यांना आणलंय. तात्या विलासरावांचे व्याही. गावात वजन असलेला, पांढऱ्या टोपीचा, भारदस्त माणूस. त्यांनी प्रतिज्ञापत्र दिलं: माझं शेत वादातील शेताला लागून आहे, मी लहानपणापासून तिथं आहे, त्या शेतातून वाट कधीही नव्हती, वादीची मेंढरं तिथून गेलेली मी कधी पाहिली नाहीत. असा साक्षीदार म्हणजे भिंत. आता त्यांची उलटतपासणी आमच्या हातात होती, आणि सगळा दावा तिच्यावर टांगलेला होता.

मी म्हणालो, "ही मी घेतो." मी माझ्या उलटतपासणीत साक्षीदाराला असा पिळतो की तो पिंजऱ्यातून उतरताना शर्ट सैल झालेला असतो.

वैशाली म्हणाली, "सर, मी घेऊ का?"

"तात्या तुला खाऊन टाकतील."

"मैदान मी चाललेय, सर."

मी परवानगी दिली. ती माझी दूरदृष्टी होती असं मी बार रूममध्ये सांगतो, इथंही तेच लिहितो. बापूंना मात्र ते पटलं नव्हतं. "वकीलसायेब, फी तुमी घेतली आन् हुबी पोरगी?" असं ते साक्ष सुरू होईपर्यंत माझ्या कानात पुटपुटत होते.

तात्या पिंजऱ्यात उभे राहिले. वैशाली उठली. आवाज एवढा साधा की टंकलेखक बाईंनी दोनदा "काय?" विचारलं.

"तात्या, तुमचं शेत तलावाला लागून आहे?"

"हाय की."

"वरच्या अंगाला काय आहे?"

"कडा. माकड बी घसरतंय तितनं."

"गावाच्या बाजूनं?"

"वढा हाय. खोल हाय लई. म्या शिमिटाचा पाईप आडवा टाकलाय, त्याच्यावरनं येतो-जातो. एका वक्ताला एक मानूस."

"बैल कसे नेता मग?"

"बैल ठिवलेच न्हाईत. वढ्याचे काठ उभे हायेत, बाई. जनावर उतरतच न्हाई."

आप्पा वकील उठले. त्यांचा आवाज परळीच्या वीज केंद्राच्या भोंग्यासारखा. "मॅडम, इथं वाटेचा दावा आहे की भूगोलाची परीक्षा?"

मॅडम म्हणाल्या, "मुद्द्यावर या."

"बरं मॅडम," वैशाली म्हणाली आणि ओढा सोडला. बापू पुटपुटले, "बगा, घाबरली."

"तात्या, बाजरी चांगली येते म्हणतात तुमच्या शेतात."

तात्यांची छाती पिंजऱ्याच्या कठड्याला टेकली. "चांगली? आवो बाई, मानूस हरवतंय आमच्या बाजरीत! मागल्या साली जावई आत गेलता, हाका मारून भाईर काढावा लागला. कनीस ह्ये एवढं!" त्यांनी कोपरापर्यंत हात दाखवला. मग कमी वाटलं म्हणून खांद्यापर्यंत दाखवला. मला हा माणूस एकदम आवडायला लागला.

आप्पा वकील हसत होते. मोबाईल काढून त्यांनी काहीतरी वाचायला घेतलं.

"खत कुठलं वापरता?"

"खताच्या गोनीला हात लावत न्हाई म्या. दर उनाळ्याला मेंढरं बसवतो."

"कुणाची?"

"कुनाची म्हंजे? ह्या शिवरामचीच की. आमचा बाप व्हता तवापास्नं त्येंचीच बसतेत."

मॅडम बोलत गेल्या, टंकलेखक बाई टिपत गेल्या: हे म्हणणे खरे आहे की, मी दर उन्हाळ्यात वादीची मेंढरे माझ्या शेतात बसवतो. हे म्हणणे खरे आहे की, माझ्या वडिलांच्या काळापासून वादीच्या कुटुंबाचीच मेंढरे बसतात.

"आणखी काही विचारायचं नाही, मॅडम." वैशाली खाली बसली.

आणि तेव्हा बापू ओरडले.

बापूंच्या पोटात कुठला प्रश्न होता ते तुमच्याही ध्यानात आलं असेल. एका बाजूला कडा, एका बाजूला तलाव, एका बाजूला जनावर न उतरणारा ओढा, आणि चौथ्या बाजूला विलासरावांचं शेत. मग बापूंची मेंढरं तात्यांच्या रानात बसायला आली कुठून? आभाळातून पडली? हा प्रश्न माझ्याही जिभेवर होता. कुठल्याही वकिलाच्या जिभेवर येतो. समोरचा कोलमडलेला बघायची हौस असते ना! साक्षीदाराचं तोंड काळं होताना सगळ्या कोर्टानं बघावं, पक्षकारानं पाठ थोपटावी.

पण प्रश्न विचारला की तात्या जागे होतात. जागे झाले की म्हणतात, उन्हाळ्यात ओढा आटतो, काठ खचतो, तिथून उतरवतात. किंवा म्हणतात, टेम्पोतून आणतात. खोटं का असेना, कागदावर येतं. एकदा कागदावर आलं की आप्पा वकील त्याला धरून बसतात.

आमच्याच बारमधल्या एका ज्येष्ठांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. बोकड चोरीचा खटला. साक्षीदार कटिंगच्या दुकानात दाढी करायला बसला होता. ज्येष्ठांनी विचारलं, तुझी पाठ रस्त्याकडं होती ना? होती. बोकड रस्त्यावर होता ना? होता. इथं ते बसले असते तर आरोपी सुटून घरी जेवायला गेला असता. पण सगळं कोर्ट त्यांच्याकडं बघत होतं. त्यांनी कोट झटकून विचारलं, "मग पाठीला डोळे होते काय रे, तुला चोर दिसला कसा?" साक्षीदार म्हणाला, "समोर आरसा व्हता की, सायेब."

कबड्डीत चढाई करणारीनं समोरच्याला नुसता हात लावून भागत नाही. हात लावून जिवंत मध्यरेषेला परत यावं लागतं. हात लागल्याच्या आनंदात तिथंच रेंगाळली की सगळे मिळून पकडतात, आणि मग लागलेला हातही फुकट. वैशालीनं हे मला त्या दिवशी व्हरांड्यात सांगितलं, माझ्या हाताला हळद लावता लावता. म्हणाली, "सर, चांगला स्पर्श असतो ना, तो ज्याला लागला त्यालाही कळत नाही. फक्त पंचाला कळतो."

"आणि पंचाला कळलाय कशावरून?"

"ओढ्याचं उत्तर लिहून घेताना मॅडमनी काही नाही केलं. मेंढरांचं सांगून झाल्यावर त्यांनी नकाशाचं पान काढलं. चष्मा लावून."

आत आप्पा वकिलांना मॅडमनी विचारलं होतं, "फेरतपासणी?" म्हणजे साक्षीदाराचं काही बिघडलं असेल तर त्याच्या वकिलाला सावरायची एक संधी. आप्पांनी एकदा दाराबाहेर बापूंच्या शिव्यांकडं कान दिला, एकदा वैशालीच्या खाली घातलेल्या मानेकडं पाहिलं आणि ऐटीत म्हणाले, "गरज नाही." तात्यांनी सही केली, टोपी नीट केली आणि पिंजऱ्यातून असे उतरले जसे पालखीतून उतरतात.

बापू मात्र आठवडाभर आमच्याशी बोलले नाहीत. त्यांना समजावून सांगण्याची सोय नव्हती. सांगितलं असतं तर गावात पोचलं असतं, गावातून विलासरावांकडं, तिथून आप्पांकडं. वैशाली त्यांना एवढंच म्हणाली, "बापू, निकाल लागेपर्यंत मेंढरं विकू नका." बापू म्हणाले, "तुला मेंढरांचं काय कळतंय?" ती म्हणाली, "तुमच्याबरोबर हिंडले की दिवसभर." बापूंचं तोंड मात्र वाकडंच.

शेवटच्या युक्तिवादाला मात्र पोरगी अशी उठली, जणू गुडघा नवीन आणला होता. कमिशनरचा नकाशा मॅडमपुढं ठेवला, तात्यांची साक्ष शेजारी ठेवली आणि तीन बाजू एकेक करून मिटल्या. कडा. तलाव. ओढा, साक्षीदाराच्याच शब्दांत. "आणि मॅडम, साक्षीदाराच्या वडिलांच्या काळापासून मेंढरं त्या शेतात बसतात. ती ज्या बाजूनं आली ती एकच बाजू उरते." एवढं बोलून इथंही बसली. आप्पा वकील ताडकन उठले. कपाळाला हात लावायचा होता, पण डोक्यावर ठेवला. "मॅडम, ओढा उन्हाळ्यात आटतो! टेम्पोनंही मेंढरं नेतात!"

मॅडम म्हणाल्या, "हे पुराव्यात कुठं आहे, दाखवा."

आप्पांनी फाईल चाळली. सगळी चाळली. त्या चाळण्याच्या वाऱ्यानं मॅडमच्या टेबलावरचे कागद उडाले असं म्हटलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, म्हणून म्हणत नाही.

निकाल बापूंच्या बाजूनं लागला. वाट मान्य झाली, चर बुजवायचा हुकूम झाला. विलासराव अपिलात बीडला गेले, तिथंही तात्यांची बाजरी आडवी आली. पण हे सगळं होईपर्यंत बराच काळ गेला, हे मी लपवत नाही. आमच्या धंद्याचं हेच दुखणं. चढाई अर्ध्या मिनिटाची आणि गुण मिळायला वर्षं. तेवढ्या काळात बापूंच्या मुलानं एका उन्हाळ्यात निम्मी मेंढरं आष्टीच्या बाजारात नेऊन विकलीच, आणि एक हंगाम दोघं नवरा-बायको उसाला जाऊन आले. थोरल्या नातीचं शाळेचं वर्ष त्यात गेलं. त्या वर्षाचा हुकूम कुठल्याही कोर्टाकडून आणता आला नाही.

वैशालीनं आता स्वतःचं टेबल टाकलंय, माझ्या टेबलाच्या समोरच. माझ्याविरुद्ध उभी राहते. परवा एका दाव्यात माझ्या साक्षीदाराला तिनं विहिरीच्या पाण्याची चव विचारली आणि बसली. मी घरी जाऊन सगळी साक्ष पुन्हा वाचली. नेमका कुठं हात लागलाय ते मला अजून सापडलेलं नाही. झोप नीट लागत नाही.

चर बुजवायला कोर्टाचा बेलीफ आणि यंत्र आलं त्या दिवशी आम्ही दोघंही तिथं गेलो होतो. बाभळीच्या काट्या बाजूला ओढल्या, माती पडली, बेलीफनं कागदावर सह्या घेतल्या. विलासराव लांब बांधावर पाठ करून उभे होते. यंत्र बाजूला होईपर्यंतसुद्धा बापू थांबले नाहीत. तोंडानं कसलातरी चुकचुक आवाज काढला आणि उरलेली मेंढरं उताराला लागली. पुढं एक म्हातारी मेंढी होती. तिला कुणी वाट दाखवली नाही.

मी मागं धापा टाकत तलावापर्यंत पोचलो. वैशाली आधीच पोचून दगडावर बसली होती. म्हटलं, आता बापूंना सगळं नीट सांगावं. पोरगी त्या दिवशी का बसली, तो प्रश्न का विचारला नाही, कायदा काय म्हणतो, आणि तिला उभी करण्यामागं माझी दूरदृष्टी काय होती. मी गळा साफ केला आणि सुरुवात केली. कडा, ओढा, तलाव, बाजरी, सगळं हातवाऱ्यांसकट. चांगलाच रंगलो होतो. शेवटी विचारलं, "मग काय बापू, कसा काय वाटला आमचा निकाल?"

बापू माझ्याकडं न बघता म्हणाले, "हळू बोला. मेंढरं पानी पितेत."